हक्कसोडीची सही

नात अकरावीत आहे. काल शाळेत बँकेचे फॉर्म भरायला शिकवले. घरी येऊन म्हणाली, "आजी, न वाचता कुठंच सही करायची नाय." तिच्या बोटांना स्टॅम्पपॅडच्या शाईचा वास येत होता.

त्याच वासाच्या खोलीत, वैजापूरच्या कचेरीत, वडिलांच्या जमिनीतला माझा हक्क मी भावाला सोडून दिला. कागद वाचू लागले तर तो हसला, "आक्का, चौथी शिकून वकील झालीस व्हय? कर सही." मी केली, तीही वळणदार. बदल्यात हिरवं लुगडं मिळालं आणि मी खूश झाले.

आज त्या खुशीचाच संताप येतो. मला वाचता येत होतं.

नातीला म्हटलं, "तुझ्या बाईंना सांग, वाचू न देणारा बँकेत नाय, घरातच बसलेला असतो. तेही शिकवा."