भडगावच्या शिवारावरचा ध्रुव

कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या धुराचा वास आला, की त्यामागून अजूनही स्पिरिटचा वास येतो. एकाहत्तरच्या डिसेंबरात हे दोन्ही वास एकाच खिडकीत भेटले होते.

मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये लेफ्टनंट होते. पोस्टिंग ॲम्ब्युलन्स ट्रेनवर. पश्चिम आघाडीवरचे जखमी पुण्याला पोहोचवायचे. ड्रेसिंग, सलाइन, इंजेक्शन, टेम्परेचर. मग पुन्हा पहिला बंक.

माझ्या ट्रंकेत वडिलांचा कॅमेरा असे. नाना सावद्याला विज्ञान शिकवत. ‘ध्रुवसुद्धा हलतो’ असे ते वर्गात सांगत, आणि केळीच्या वखारीवरची मंडळी त्यांना टोचत, “मास्तर, देवाने दिलेली जागाही काढून घेता का?” मला कमिशन मिळाले तेव्हा त्यांनी कॅमेरा माझ्या हाती दिला. “गडद अंधार शोध, शटर उघडे ठेव. तो हलतो की नाही, ते आकाशालाच लिहू दे.”

अंधार युद्धाने दिला. ब्लॅकआउटमुळे जळगावपुढे एकही दिवा नव्हता. भडगाव तालुक्यात सिग्नल मिळेना, म्हणून गाडी शेतांमध्ये थांबली. खिडकीजवळच्या बंकवर नाईक हिलाल पाटील होता. पोटात तोफगोळ्याचा स्प्लिंटर. त्याने मान वळवून श्वास ओढला.

“सिस्टर, हाऊ धूर आमना गावना शे. माले उतारा.”

मी गाडीवरच्या डॉक्टर मेजरसाहेबांना विचारले.

“निगेटिव्ह. हलवला तर जाईल.”

हिलालने ते ऐकले. ड्रेसिंग करताना मी त्याला नानांच्या कॅमेऱ्याचे सांगितले होते. म्हणाला, “मंग आभाय तरी फोटूमा लई ल्या. मायले दखाडा.”

मी खाली उतरले. रुळालगतच्या खडीवर दगडाच्या आधाराने कॅमेरा उत्तरेकडे रोखला आणि शटर उघडले. थंडीने खडीसुद्धा लोखंडासारखी लागत होती. तासभर गाडी हलली नाही.

मग शेतातून एक कंदील आला. त्यामागे काठ्या.

“कोन शे वं तू? दुश्मनना इमानले इशारा करस का?”

“हेर शे हाई! फोडा ते डबडं!”

एकाने माझी कॉलर धरली. ग्रेटकोटचे बटण तुटून खडीवर टणकन पडले.

तेवढ्यात खिडकीतून आवाज आला. “कंदील मालव ना, भो! ब्लॅकआउट काय तिलेच शे? मी भडगावना हिलाल.”

कुणीतरी हसले. कंदील विझला. पण राग विझला नाही. त्याने फक्त दिशा बदलली.

“आमना पोऱ्या शे. उतार त्याले. आमीन खांदावर लई जातस.”

मी पायरीवर चढून दाराच्या दोन्ही दांड्या धरल्या. “नाही.”

“तुना बापनी गाडी शे का?”

“नाही. पेशंट माझा आहे.”

एक काठी दारावर बसली, दुसरी माझ्या मनगटावर. मी दांडी सोडली नाही. आमच्या ऑर्डर्लीने डब्याच्या दुसऱ्या टोकाच्या दाराने उतरून शटर मिटले, कॅमेरा उचलला. इंजिनाने शिटी दिली.

मनमाडच्या अलीकडे हिलाल गेला.

रजेत सावद्याला नानांनी फिल्म धुतली. ताऱ्यांच्या लांब कमानी, आणि त्यांच्या मधोमध भिंगाखाली तांदळाच्या कणीएवढी ध्रुवाची कमान. नाना किती तरी वेळ ओल्या प्रिंटवर वाकून राहिले. मग त्यांनी खालच्या कडेवर बोट ठेवले. तिथे कंदिलाची लाटेसारखी पांढरी रेघ होती, मध्येच तुटलेली.

“ही?”

“हिलालने मालवायला सांगितले, तिथे तुटली.”

“मग कापायची नाही.”

तोच प्रिंट घेऊन मी भडगावला गेले. ओट्यावर शेजारी जमले होते. “हाईच ती. हाकला हिले,” कुणी तरी म्हणाले. हिलालच्या आईने प्रिंट उलटसुलट केला.

“यामा मना पोऱ्या कोठे शे?”

मी तुटलेल्या रेघेकडे बोट दाखवले. “इथे तो बोलला.”

“गाडी आमना शिवारमा उभी व्हती. तूच दार आडावं ना?”

“हो.”

चुलीतल्या पऱ्हाट्या तडतडत होत्या. तिची नजर माझ्या मनगटाच्या पट्टीवर आली, तिथून पुन्हा प्रिंटवर गेली. रेघ जिथे संपत होती, तिथे तिचे बोट थांबले. बोट न उचलता तिने पायानेच पाट माझ्याकडे सरकवला.

“बठ.”