पीटीच्या तासाला भूमिती

नववी 'ब'ची मुलं कंपासपेट्या घेऊन मैदानावर आली, तेव्हाच मी ओळखलं की इन्स्पेक्शनची आज वाट लागणार.

मी गोरेगावच्या एका शाळेत पीटीचा मास्तर होतो. गोष्ट ऐंशीच्या दशकातली. पीटी तेव्हाही सक्तीचंच होतं, वेळापत्रकात. पण दिवाळी झाली की गणिताच्या परांजपे बाई दारात उभ्या राहायच्या. "सावंत, पोर्शन राहिलाय हो. आजचा तास द्या ना." पोर्शन म्हणजे परीक्षेआधी शिकवून संपवायचा अभ्यासक्रम. तो वेळेवर संपलेला मी तरी पाहिला नाही. हेडसरांचं मत ठरलेलं, "धावून कुणाला डिस्टिंक्शन मिळालंय?"

मग मुलं बाकावर आणि मी स्टाफरूममध्ये फुटबॉलच्या ब्लॅडरचं पंक्चर काढत. प्रार्थनेला नुसतं उभं राहून मुली चक्कर येऊन पडायच्या. त्यांना उचलायचं काम मात्र माझं. फार चिडचिड व्हायची.

तर त्या दिवशी शिक्षण खात्याचे साहेब अचानक म्हणाले, "चला, पीटी पाहू." शिपायाने नववी 'ब'ला सांगितलं, पीटीचा तास आहे, खाली या. मुलं सवयीने भूमितीचं सामान घेऊन आली.

"हे काय गं?" साहेबांनी पुढच्या मुलीला विचारलं.

"कंपास, सर. पीटीला भूमितीच असते ना."

मला मनातून उकळ्या फुटल्या. म्हटलं, आता हेडसरांची खरडपट्टी निघणार आणि माझे तास मला परत मिळणार.

हेडसर जराही गडबडले नाहीत. "साहेब, हा आमचा नवा उपक्रम. मैदानी भूमिती! आमची मुलं वर्तुळ नुसतं काढत नाहीत, त्यावर धावतात. सावंत, दाखवा."

दाखवतो काय? मी फक्की आणली, म्हणजे मैदान आखायची पांढरी पूड. खुंटीला दोरी बांधून मोठं वर्तुळ आखलं आणि शिट्टी मारली. मुलं सुटली. पहिल्याच फेरीत निम्मी धापा टाकत मधोमध बसली, पण काय हसत होती! मला भरून आलं.

"ती मुलं मधे का बसली?" साहेब.

"ते केंद्रबिंदू आहेत, साहेब," हेडसर म्हणाले.

साहेब बेहद्द खूश. शेऱ्यात शाळेचं कौतुक करून गेले.

पुढच्याच आठवड्यात वेळापत्रक बदललं. पीटीच्या जागी मैदानी भूमिती, शिक्षिका परांजपे बाई. फक्की टाकायला मी. बाईंना उन्हाचा त्रास, त्यामुळे तो तास वर्गातच व्हायचा.

शाळेत पीटी सक्तीचं असावं का, असं लोक अजून मला विचारतात. मी म्हणतो, जरूर असावं. फक्त त्यातून मुलांना सूट देऊ नका.