करवानकाचा आवाज

कतारमधल्या उम्म सलाल मोहम्मद या गावात आम्ही भाड्याने राहतो त्या घराचे मालक सत्तरीतले कतारी गृहस्थ. तरुणपणी मुंबईशी व्यापार केल्यामुळे हिंदी झकास बोलतात. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. पक्ष्यांवरून आमचं जमलं. मी पक्षी बघून वहीत लिहितो, ते ससाणा सोडून धरतात, एवढाच काय तो फरक.

दोन हिवाळ्यांपूर्वी ते मला शिकारीला घेऊन गेले. वाटेत त्यांनी नियम सांगितले. हंगामातच जायचं, परवाना आणि ससाण्याचे कागद जवळ ठेवायचे, शिकार ससाण्यानेच करायची, आवाजाचं कुठलंही यंत्र लावायचं नाही. मी मान डोलावत दुर्बिणीच्या काचा पुसत होतो.

आम्ही करवानकाच्या, माळावरच्या त्या लांब पायांच्या पक्ष्याच्या मागे होतो; पण संध्याकाळ झाली तरी एकही दिसेना. ससाणा म्हातारा झालेला. पुढच्या हंगामात उडेल की नाही, याची चाचांना धास्ती होती. मला राहवेना. नाशिकला आम्ही रविवारची मंडळी स्पीकरवर पक्ष्याचा आवाज लावतो, म्हणजे झुडपातला पक्षी उत्तर देतो. तीच खोड. चाचांची पाठ वळताच मी बॅगेतला छोटा स्पीकर काढून करवानकाचा आवाज लावला. पक्षी आला नाही. पर्यावरण खात्याची गाडी आली.

"स्पीकर कोणाचा?" अधिकाऱ्याने विचारलं.

"माझा," चाचा म्हणाले.

परवाना जप्त झाला. एरवी माझी बडबड थांबत नाही, पण तेव्हा व्हिसा आणि लेकीची शाळा डोळ्यांपुढे आली आणि मी गप्प उभा राहिलो.

परतताना कशीबशी माफी मागितली. "तेरी नौकरी है, बच्ची है," ते म्हणाले. "मेरा क्या? ये घर बैठेगा. खलास." ससाण्याच्या पाठीवरून त्यांचं बोट फिरत होतं.

घरी बायकोने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तोंड शिवलं होतं का तुमचं?"

रात्रभर स्वतःवरच चिडत राहिलो. सकाळी रजा टाकून खात्याच्या ऑफिसात गेलो आणि खरं ते सांगितलं. तिथल्या अधिकाऱ्याने शांतपणे ऐकलं, माझ्याकडून जबाब आणि हमी लिहून घेतली, स्पीकर ठेवून घेतला. चार दिवसांनी चाचांना परवाना परत मिळाला. त्या शांत अधिकाऱ्याचेही माझ्यावर उपकारच आहेत.

त्याच दिवशी चाचांनी मला बैठकीत बोलावलं. वाटलं, खूश असतील. कसले खूश! "किसने बोला था जाने को? वीज़ा जाता तो? बच्ची को लेके कहाँ जाता?" मुलांसमोर, नातवांसमोर अर्धा तास माझी खरडपट्टी काढली, आणि मध्येच स्वतःच्या हाताने माझ्या पेल्यात कॉफी ओतली.

वडील गेल्यापासून मला इतक्या हक्काने कुणी रागावलं नव्हतं. मी खाली मान घालून ऐकत होतो, आणि त्यांनी थांबू नये असं मला वाटत होतं.