बदामाचा कलर आणि वेरूळची जीप

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. बघा, आत्तापासूनच हसताय! बरं, हसा. पण चहाचा कप तेवढा खाली ठेवा. माझ्या बावळटपणाचा धक्का मला स्वतःला अजून पचलेला नाही, तुम्हाला एकदम कसा पचेल?

वाळूजला कंपनीत मला बारा वर्षं झाली. ती बाराही वर्षं मी शिफ्टच्या बसमध्ये तीन पत्ती खेळतोय. पैसेबिसे काही नाही, हरेल त्यानं चहा पाजायचा. मी कधी चहा पाजल्याचं बसमध्ये कोणाला आठवत नाही! पत्त्यांच्या बाबतीत आपली कॉलर कायम ताठ.

तर झालं असं. एका शनिवारी दुपारी आम्ही सगळे माझ्या सासुरवाडीला, चितेगावला जमलो होतो. पुण्याहून माझे साडू मंदारराव आले होते. धाकट्या मेहुणीचे मिस्टर. कॉम्प्युटरवाला माणूस, बोलणं एकदम मऊ. जेवताना सासूबाईंनी जाहीर करून टाकलं, "उद्या समदे वेरूळला जाऊ. घृष्णेश्वराचं दर्शन घेऊ, मग लेणी बघू."

समदे म्हणजे किती? अकरा माणसं! मामांच्या जुन्या जीपमध्ये. मामा म्हणजे माझे सासरे. आता ती जीप चालवायला एक जावई लागणार, हे उघडच होतं.

मी आठवडाभर रात्रपाळी करून आलेलो. रविवार म्हणजे मला फक्त झोप दिसत होती. मऊ गादी, फुल्ल पंखा, बंद दार! आणि ती जीप? तिचा दुसरा गिअर मनात आलं तर पडतो. त्यात दौलताबादच्या दरवाजात गाड्यांची रांग, पुढं घाट, आणि मागं बसून "जरा हळू, जरा हळू" म्हणणारी दहा तोंडं. पण मंदाररावांनाही घरीच लोळायचं होतं.

तेच म्हणाले, "भाऊ, आपण पोकर खेळू या का? हरेल तो जीप चालवेल, जिंकेल तो घरी झोपेल."

मला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या! हा पुण्याचा माणूस माझ्याशी पत्ते खेळणार?

"सोपं आहे," ते म्हणाले. "प्रत्येकाला दोन पानं. मधे एकेक करत पाच पानं उघडायची, ती सगळ्यांची. या सातांतली चांगली पाच धरायची. आता कुठली पानं मोठी, त्याचा क्रम असा असतो, की..."

"राहू द्या हो!" मी हात उडवला. "मला पत्ते शिकवता व्हय? बारा वर्षं झाली."

भिंतीशी तांदूळ निवडत बसलेली माझी बायको सुनीता म्हणाली, "अहो, ऐकून तर घ्या."

घेतलं का मी ऐकून? छे!

पैशांच्या जागी भाजलेल्या शेंगा वाटल्या. गंमत म्हणून मामाही बसले. ते पाव तासात बाद झाले. हरून नाही, शेंगा खाऊन!

उरलो आम्ही दोघं. बराच वेळ बरोबरीत चाललं होतं, आणि मग तो डाव आला. माझ्या हातात बदामाचा एक्का आणि बदामाची दुर्री. मधे चार पानं उघडली: बदामाचा राजा, बदामाची चव्वी, किलवरची सत्ती, इस्पिकची अठ्ठी. म्हणजे माझे चार बदाम झाले. अजून एक बदाम आला की पाचही पानं एकाच रंगाची, म्हणजे कलर! शेवटच्या पानाला मंदारराव रिव्हर म्हणतात. मी मनातल्या मनात घृष्णेश्वराला हात जोडले.

पान उघडलं. बदामाची छक्की!

अहो, काळीज असं उडायला लागलं की शेजारी बसलेल्या मामांना ऐकू जाईल की काय! एक्क्याचा कलर! आता खेळायचं कसं? ढीग पुढं सारला तर साडू पळून जाणार. म्हणून मी तोंड पाडलं, एक सुस्कारा सोडला आणि नुसत्या चार शेंगा पुढं सरकवल्या.

मंदाररावांनी माझ्याकडं पाहिलं. पानांकडं पाहिलं. आणि दोन्ही हातांनी आपला अख्खा ढीग मधे लोटला. "सगळ्या," ते म्हणाले.

मी हादरलोच! एवढी हिंमत? मग माझी नजर मधल्या पानांवर गेली. चव्वी, छक्की, सत्ती, अठ्ठी. अरे बापरे! या माणसाकडं एक पंजी असली की ओळीनं पाच पानं, म्हणजे सिक्वेन्स लागला! आणि कलरपेक्षा सिक्वेन्स मोठा, हे आमच्या बसमध्ये कोणीही झोपेतसुद्धा सांगेल.

"लावा ना जावईबापू," मामा म्हणाले. "इतका काय इचार करता?"

डोळ्यांसमोर दौलताबादचा दरवाजा दिसायला लागला. शेवटी मी बारा वर्षांचा सगळा अनुभव पणाला लावला, आणि पानं मिटली.

"पॅक!"

मंदाररावांनी पानं उघडली. खरंच पंजी होती! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मी उभाच राहिलो. माझी पानं जमिनीवर आपटली. "बघा मामा! एक्क्याचा कलर होता माझ्याकडं. पण टाकला! समोरच्याचा सिक्वेन्स ओळखता आला पाहिजे. याला म्हणतात खेळ!"

मंदाररावांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अहो," सुनीता हळूच म्हणाली, "तीन पत्तीत सिक्वेन्स मोठा. यात कलर मोठा असतो. धाकटीनं शिकवलंय मला. मघाशी भावजी तेच सांगणार होते."

मी जमिनीवरची माझी पानं परत एकदा निरखून बघितली.

"भाऊ," मंदारराव म्हणाले, "या डावात तुमच्यापेक्षा मोठी पानं कोणाला येऊच शकत नव्हती. मी हरलो होतो. हा डाव तुमचाच. उद्या जीप मी नेतो."

बघा, देवासारखा माणूस! मी नुसतं "बरं" म्हणायचं होतं. एवढाच एक शब्द! पण सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते आणि बारा वर्षांची अब्रू जात होती. माझ्या तोंडून निघालं, "मला काय माहीत नव्हतं व्हय? मुद्दामच टाकला. तुम्ही पुण्याहून दमून आलात, म्हटलं जरा आराम मिळू द्या. जीप मीच नेतो."

सुनीतानं कपाळावर हात मारला. पण मामांचे डोळे भरून आले हो!

"काय माणूस हाय!" ते म्हणाले. "हातात आलेला डाव सोडला साडूसाठी. लई मोठ्या मनाचे जावई मिळाले आपल्याला."

दुसऱ्या दिवशी वेरूळच्या वाटेवर मी दोनदा स्वतःच्या गालात मारून घेतली, झोप येऊ नये म्हणून. मामांनी माझी कीर्ती दर्शनाच्या रांगेत सांगितली, बेलाची पानं विकणाऱ्या बाईला सांगितली, लेण्यांपाशी भेटलेल्या नागपूरच्या एका अनोळखी कुटुंबालाही सांगितली.

संध्याकाळी परतलो, तर मंदारराव नुकतेच उठून डोळे चोळत होते. मी जीपमधून उडी मारली. "मंदारराव, पत्ते काढा! या वेळी आधी समदे नियम सांगा, मी ऐकतो."

"आता कशाला पत्ते?" सासूबाई जीपमधून उतरता उतरता म्हणाल्या. "तुम्ही जिंकलात तरी सोडूनच देणार ना! पुढच्या रविवारी पैठणला न्या आम्हाला."

"व्हय," मी म्हणालो, आणि जीपमध्ये डिझेल किती उरलंय ते बघायला वळलो.