पोनीरासाठी आणलेला होला

वागियो न्हावी चिंचेच्या झाडाखाली तीस वर्षं डोकी भादरत होता. खोडाला एक खिळा, खिळ्याला आरसा, आरशासमोर लाकडी खुर्ची, एवढंच त्याचं दुकान. पाऊस आला की दुकान खांद्यावर टाकून तो घरी. महागाई झाली म्हणून त्याला सांगू नये. तो लगेच हिशेब मांडी, तोही डोक्यांत. तांदूळ किती? चार डोकी. पोनीराचं मधुमेहाचं औषध? सहा डोकी. सगळ्या बान्तुल भागात असा हिशेब करणारा माणूस दुसरा नव्हता, आणि त्याचा त्याला अभिमानही होता.

पोनीरा त्याची बायको. दोन वर्षांपूर्वी मधुमेहानं तिची दृष्टी गेली. पण बाई खमकी. भात शिजवणं, भांडी, धुणं, सगळं ती हातानं चाचपत करायची. अंगणातल्या विहिरीपर्यंत तर एकटीच जायची, कारण विहिरीच्या कडेलाच वागियोच्या पर्कुतुताची काठी होती. पर्कुतुत म्हणजे अंगावर रेघा असलेला चिमुकला होला. तिथं ज्याच्या घरी तो नाही त्या पुरुषाला लोक अर्धवटच समजतात. सकाळी पिंजरा दोरीनं उंच बांबूवर चढवायचा आणि संध्याकाळी उतरवायचा, हा घराघराचा रिवाज. वागियोचा ग्लिंदिंग नावाचा होला अकरा वर्षं तिथून घुमला. त्या आवाजाच्या रोखानं पोनीरा बरोब्बर विहिरीवर पोचायची.

मग ग्लिंदिंग म्हातारपणानं मेला, आणि शेजारच्या पा हार्तोयोंचा, म्हणजे हार्तोयोरावांचा, पक्षी तेवढा गल्लीत उरला. तो कुठल्याशा स्पर्धेत पहिला आलेला, लाखोंचा पक्षी. जिवंत असेतोवर ग्लिंदिंगनं त्या पक्ष्याला कधी भीक घातली नाही. पण आता आवाज त्याचाच. सवयीनं पोनीरा त्या आवाजामागे गेली, विहीर सोडून फाटकाबाहेर, आणि थेट गटारात पडली. गुडघा फुटला. गुडघा बरा झाला, पण त्या दिवसापासून बाईनं स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नाही. चुलीपाशी पाटावर बसून राहायची. विचारलं तर म्हणे, "इथंच बरं आहे." आंधळी झाल्यावरही जी हसत होती, तिचं हे "इथंच बरं आहे" वागियोला सहन होईना.

त्यानं बारा डोक्यांची कमाई बाजूला काढली. त्यासाठी महिनाभर तंबाखू सोडली, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. वासावरून पोनीराला कळलं होतं, ती गोष्ट वेगळी.

निघताना ती म्हणाली, "अहो, पिसं-बिसं मोजत बसू नका. डोळे मिटून ऐका. रंग मला काय करायचाय?"

बाजार पाहिंगच्या वारी भरतो, दर पाचव्या दिवशी. पक्ष्यांच्या ओळीत म्हाताऱ्या कार्सोचं दुकान. त्याला सगळे म्हबा म्हणत, म्हणजे आजोबा. म्हबानं आधी शेपटीत पांढरं पीस असलेला पक्षी दाखवला. "घरात बरकत येईल बघ. पंचवीस डोकी."

वागियोचा हिशेब बाजारातही सगळ्यांना पाठ होता.

बरकत म्हटल्यावर वागियोचा पाय अडकलाच. शकुन बघायला त्यानं पक्ष्याच्या पायाची खवलं मोजली, डोळ्याभोवतीचं कडं बघितलं. मग पोनीरा आठवली आणि तो सरळ रस्त्यात उकिडवा बसून डोळे मिटून राहिला. लोक वळसा घालून जाऊ लागले. "कांग, चक्कर आली काय?" कुणीतरी विचारलं. कांग म्हणजे तिथं दादा. त्यानं हातानंच गप्प केलं. बऱ्याच वेळानं खालच्या रांगेतून एक आवाज आला, आखूड, पण खणखणीत. शेवटच्या घुमण्यावर जरासा जोर.

डोळे उघडून बघतो तर काय, पिसं विस्कटलेली, शेपटी तुटलेली, अगदी सामान्य रूप.

"हा?" म्हबा हसला. "हा दहा डोकी. पण ऐक, नवीन जागी पाच दिवस दे. पुढच्या पाहिंगपर्यंत बोलला नाही तर आण परत, बदलून देतो. त्यानंतर माझं नाव घ्यायचं नाही."

घरी आल्यावर वागियोनं जी चूक केली, ती तिथला कुठलाही पुरुष करील. महिनाभर रिकामी राहिलेली काठी त्याच्या डोळ्यांत खुपत होती. गल्ली बघत होती. त्यानं दोर नवा घातला, पिंजरा पुसला आणि पक्षी थेट टोकाला चढवला, पा हार्तोयोंच्या पिंजऱ्याच्या बरोबरीला. दोन-चार शेजाऱ्यांनी मानही डोलावली. तेवढ्यात पलीकडून तो लाखोंचा पक्षी घुमला आणि वागियोचा पक्षी गप्प झाला.

पहिला दिवस गप्प. दुसरा गप्प. तिसऱ्या दिवशी पा हार्तोयो कुंपणावरून म्हणाले, "कांग, कबुतराचं पिल्लू दिलंय तुला. उकडून खा."

वागियो वरवर हसला. बदलून आणलेल्या पक्ष्यालाही परत वेळ लागेल, आणि तोवर ही बाई पाटावरच बसून राहील. कदाचित पुढं उठणारच नाही.

चौथ्या दिवशी जेवताना पोनीरानं विचारलं, "काठीखाली राळ्याची टरफलं किती पडतात?"

"टरफलं? कोण बघतंय. चार-दोन असतील."

"मग तो खात नाही. भ्यालाय. समोर एवढा मोठा बोलणारा, त्यात उंचावर उघडा टांगलेला. मला नाही कळणार? मी महिनाभर दुसरं काय करतेय?"

एवढं सरळ ती कधी बोलली नव्हती.

"खाली आणा त्याला," ती म्हणाली. "विहिरीजवळच्या पेरूला लावा, डोक्याएवढ्या उंचीवर."

"वेडी आहेस काय. तिथं तुझं धुणं वाळतं. कोंबड्या फिरतात. पर्कुतुत कुणी परकराशेजारी टांगतं का? गल्ली काय म्हणेल?"

"माझ्यासाठी आणलाय की गल्लीसाठी?"

वागियोनं खरकट्या हातानंच उठून दोर सोडला.

दुपारभर पक्षी पेरूच्या सावलीत बसून राहिला. संध्याकाळी राळे टिपले. पण आवाज नाही. पाहिंगची सकाळ उजाडली, तेव्हा वागियोनं पिंजऱ्यावर घालायचं फडकं काढून सायकलवर ठेवलं होतं. म्हबाची मुदत आज संपत होती. सायकलला हवा भरताना तो मनात पुढची डोकी मोजत होता.

तेवढ्यात पेरूतून आवाज आला. आखूड, खणखणीत, शेवटी जरासा जोर. थांबून परत. पलीकडून लाखोंचा पक्षी घुमला, तरी हा थांबला नाही.

स्वयंपाकघरात पाट सरकल्याचा आवाज झाला. पोनीरा तांदळाचं भांडं कमरेवर घेऊन उंबऱ्यात उभी होती. वागियो पंप टाकून धावला.

"हात धरू नका," ती म्हणाली. "तुमच्या पावलांच्या आवाजात मला तो ऐकू येत नाही."

तो जागीच थांबला. ती उंबरा उतरली. मध्ये एकदा पा हार्तोयोंचा पक्षी बोलला तशी अडखळली, मान वाकडी करून ऐकलं, आणि परत पेरूकडे वळली. एक कोंबडी आडवी आली, तिला पायानं बाजूला केलं. अकरा पावलं. मग तिचा हात विहिरीच्या कठड्यावर टेकला, आणि दुसऱ्या क्षणी तिनं पोहरा आत सोडलासुद्धा, जणू कालच येऊन गेली होती.

वागियो उंबऱ्यावर बसला. डोळ्यांना धार लागली, तीही त्यानं पुसली नाही. कुणाला दिसणार होती?

"रडताय काय," पोनीरा तांदूळ धुता धुता म्हणाली. "नाक ओढल्याचं ऐकू येतंय. उठा, आणि ग्लिंदिंगचा रिकामा पिंजरा चढवा काठीवर. तुमच्या गल्लीला तेवढंच समाधान."

त्यानं खरंच चढवला. पा हार्तोयो चहाचा पेला घेऊन कुंपणापाशी आले, वर बघितलं, डोळे बारीक करून परत बघितलं.

"कांग, तुझ्या पिंजऱ्यात पक्षी नाही."

"नाही," वागियो म्हणाला. "तो खाली कामावर गेलाय."