लशीची गरमी

कोरोनाच्या लशीचा पहिला डोस घेऊन पंधरा दिवस झाले असतील, अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या कमरेवर पाण्यानं भरलेले फोड उठले. पट्टा डाव्या कुशीवरून पाठीकडे सरकत होता. उदगीरला आमचं किराणा दुकान आहे. शेजारच्या टपरीत घड्याळं दुरुस्त करणारे चाचा म्हणजे अप्पांचे चाळीस वर्षांचे दोस्त. त्यांनी पाहताक्षणी सांगितलं, "नागीण हाय."

झालं! अप्पांना आता गेरू लावणारा माणूस हवा. नागिणीचं तोंड नि शेपूट जुळलं की माणूस जातो, ही भीती त्यांच्या मनात पक्की. "ह्याला डाक्टरचं औषध चालत न्हाई," म्हणून हटून बसले. सदरा लागला तरी कळवळत होते. मी मुळात तापट. वैतागून ठोकून दिलं, "ही नागीण नाहीच, अप्पा. लशीची गरमी आहे. ती डॉक्टरच उतरवतात."

निमूट गाडीवर मागे बसले.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ही नागीणच. लहानपणच्या कांजण्यांचा विषाणू अंगात दबा धरून बसलेला असतो, तो उठलाय. लशीमुळेच झालं असं म्हणता येणार नाही, पुढचा डोस चुकवू नका. गोळ्यांनी फोड सुकले. मी स्वतःवर भलताच खूश होतो. खरं काय ते सावकाश सांगू म्हटलं.

तोवर अप्पा दुकानात सदरा वर करून येईल त्याला डाग दाखवू लागले. "लशीची गरमी. पोरानं वळखली." चाचांचा लशीचा नंबर त्याच आठवड्यात होता. त्यांनी चष्मा लावून डाग निरखला आणि लस घ्यायला गेलेच नाहीत. मी तिथेच साखर तोलत होतो. बोललो असतो तर खोटा पडलो असतो, म्हणून गप्प बसलो.

दुसऱ्या लाटेत दोघंही दवाखान्यात भरती झाले. अप्पा घरी आले, चाचा आले नाहीत. लस घेऊन ते वाचलेच असते असं कुणी सांगू शकत नाही. हे मी स्वतःला किती वेळा सांगितलंय, पण टपरीचं कुलूप दिसलं की मान खाली जाते.

अप्पांच्या कमरेवर काळपट पट्टा राहिलाय, तिथं अजून आग होते. तेल लावायला मीच लागतो. परवा म्हणाले, "तू टायमावर वळखलंस, म्हणून मी हाय."

आणि लगेच, "चाचाला बी सांगितलं होतं की रे मी, लस नको म्हणून. ऐकलं बी त्यानं. मग कसा गेला?"

वाटीत तेल होतं. तरी आणतो म्हणून उठलो.