देठासकट मनुके

काळे मनुके पाण्यात भिजत घातले की दुसऱ्या दिवशी त्यांना एक जडसर गोड वास येतो. तो आला की मला वाकडची ती केस आठवते. खात्यात माझी सव्वीस वर्षं गेली, मग मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. खुनाचे तपास केले, दरोड्याचे केले. पण कुणी विचारलं, मॅडम, तुम्हाला अभिमान वाटावा असा तपास कोणता, तर मी चार बाटल्यांमधल्या दारूच्या चोरीचं नाव घेते. लोकांना वाटतं, मी चेष्टा करते आहे.

फिर्यादी सोमवारी सकाळी ठाण्यात आले. गाड्यांच्या सीट आणि आतले प्लॅस्टिकचे भाग बनवणाऱ्या चाकणच्या एका कंपनीत ते मोठ्या हुद्द्यावर होते. वाकडला उंच इमारतीत अठराव्या मजल्यावर फ्लॅट. त्यांना स्कॉटलंडच्या सिंगल माल्ट व्हिस्कीचा शौक होता. महिन्यातून एका शनिवारी ते कंपनीतल्या चार-पाच जणांना घरी बोलवायचे, दोन प्रकारच्या व्हिस्की समोर ठेवायचे आणि चाखून त्यांची तुलना करायचे. त्यासाठी एक वहीसुद्धा ठेवली होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एका प्रकाराला पीटेड म्हणतात. दलदलीतली वाळलेली माती जाळून तिच्या धुरावर बार्ली वाळवतात, म्हणून त्या दारूला धुराचा आणि थोडा दवाखान्यातल्या आयोडीनचा वास येतो. दुसरी शेरीची. शेरी नावाची वाइन ज्या लाकडी पिपांत भरलेली असते, त्यांत ही वर्षानुवर्षं मुरवतात. तिला सुकं अंजीर, संत्र्याची साल, जुनं शिसवी कपाट अशा गोष्टींचा वास येतो. हे सगळं मी त्या केसमध्ये शिकले. निवृत्तीनंतर दोन्ही चाखूनही पाहिल्या. मला धुराची आवडली.

तर त्या शनिवारी एक परदेशी पाहुणा आला होता. त्याने शेरीच्या व्हिस्कीचा एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि नम्रपणे सांगितलं, ही ती नव्हे. मग कपाटातल्या सगळ्या उघड्या बाटल्या तपासल्या. उघड्या बाटल्या नऊ होत्या. धुराच्या पाचही अस्सल. शेरीच्या चारही बनावट. आतली दारू काढून कुणीतरी साधी व्हिस्की भरली होती आणि तिच्यात मनुके भिजवून रंग आणि गोडवा आणला होता. तळाशी गाळ होता.

"संशय कुणावर?" मी विचारलं.

"स्वयंपाकाच्या मावशींवर. नऊ वर्षं किल्ली त्यांच्याकडे आहे. आणि मॅडम, मनुके. आमच्या घरात मनुक्यांना हात लावणारं दुसरं आहे कोण?"

मी घरी जाऊन पाहणी केली. नुकत्याच वापरलेल्या दोन बाटल्या पंचांसमक्ष सील केल्या, गाळाचा फोटो घेतला, बाकीचं कपाट कुलूप लावून बंद ठेवलं. स्वयंपाकघरात एका डब्यात खरोखरच मनुके सापडले. तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे लपवत नाही. सकाळी गुन्हा, दुपारी आरोपी, असा दिवस कुठल्या अधिकाऱ्याला नको असतो?

दारातून निघताना मात्र एक गोष्ट खटकली. पाच बाटल्या का सोडल्या?

"बाईला धुराचा वास आवडला नसेल," फिर्यादी म्हणाले.

महिलेची चौकशी मी तिच्या घरीच करत आले. कायदाही तेच सांगतो, आणि घरात माणूस जास्त कळतो. मावशी मोशीला दोन खोल्यांत राहायच्या. मूळच्या मराठवाड्याच्या, पन्नाशीच्या, एकट्या. त्या एकाच सोसायटीत चार घरांचा स्वयंपाक करत आणि त्यावर त्यांचं घर चालत होतं. आम्ही पोचेपर्यंत सोसायटीने गेटच्या अ‍ॅपवर त्यांचा प्रवेश बंद केला होता. म्हणजे एका घराच्या संशयावर चारही घरं गेली होती. वॉचमनने गेटवर सगळ्यांदेखत सांगितलं होतं, मावशी, तुमचं नाव लाल झालंय.

मी फोनवरचा फोटो दाखवला. "हा गाळ बाटलीत सापडलाय. मनुक्यांचा. तुमच्या डब्यातही मनुके आहेत."

मावशींनी चष्मा लावला, फोटो मोठा केला, बराच वेळ बघत राहिल्या. मग माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच आरोपी आहे.

"मॅडम, तुम्ही मला चोर म्हणायलात, ते एक वेळ ऐकून घेते. पण हे मी केलं म्हणायलात? हे बघा. हे काय आहे?"

"काय आहे?"

"देठ. देठ दिसायलंय ना? देठासकट मनुके भिजवले मी? दारूत असू द्या नाही तर शिऱ्यात, निवडल्याबिगर एक मनुका माझ्या हातून भांड्यात जात नाही. आणि हे काळे हायेत. माझ्या डब्यात पिवळे बेदाणे हायेत. तुम्ही डबा उघडून बघितला का नुसता हलवून बघितला?"

मी उघडून पाहिला होता. पण माझ्या घरी शिरा माझे यजमान करतात. बेदाणा आणि काळा मनुका यांतला फरक मला माहीत होता, डोळ्यांना तो दिसला नव्हता इतकंच. माझ्याबरोबरचे हवालदार खिडकीबाहेर बघत गालातल्या गालात हसत होते.

"अजून सांगते," मावशी म्हणाल्या. "हे चहाच्या गाळणीनं गाळलंय. मी मलमलच्या फडक्यानं गाळते. ज्यानं हे केलं त्याला स्वयंपाक येत नाही."

त्यांनी एकदाही 'मी निर्दोष आहे' असं म्हटलं नाही. त्यांना राग आला होता तो वाईट कामाचा आळ आल्याचा. इतक्या वर्षांत मी रडणारे, शपथा घेणारे, पाया पडणारे संशयित पुष्कळ पाहिले होते. हा राग नवा होता, आणि तो खरा होता.

उठताना मी विचारलं, व्हिस्की चाखायच्या शनिवारी घरी कोण कोण असतं. मावशी म्हणाल्या, बाकीचे संध्याकाळी येतात. जाड भिंगांचे एक साहेब दुपारी चारलाच येतात, ग्लास पुसतात, बाटल्या मांडतात. मालक तेव्हा पोहायला गेलेले असतात.

जाड भिंगांचे साहेब म्हणजे फिर्यादींच्याच कंपनीतले लॅबचे प्रमुख. फिर्यादींना या शौकाची दीक्षा त्यांनीच दिली होती. मी वही मागवून घेतली. त्यांच्या नोंदी सर्वांत लांब आणि सर्वांत सुंदर होत्या. मागच्या महिन्यात चार बनावट बाटल्यांपैकीच दुसरी एक समोर ठेवली होती, ती अजून कपाटात होती. तिच्याबद्दल त्यांनी लिहिलं होतं, अंजीर, अक्रोड, संत्र्याची साल, शेवटी कडू चॉकलेट.

फिर्यादींच्या पत्नी वही द्यायला स्वतः आल्या होत्या. त्यांनी चहा संपवला. मग म्हणाल्या, "मागच्या महिन्यात मीही एक घोट घेतला होता. मला ती खोकल्याच्या औषधासारखी लागली. मी बोलले तसं. लॅबचे साहेब म्हणाले, वहिनी, तुम्हाला सवय नाही, हेच शेरीचं लक्षण. सगळे हसले, मग मी विषय सोडला."

म्हणजे दारू मागच्या महिन्यातच बदललेली होती. घोट घेऊन गप्प बसवली गेलेली एक बाई आणि त्याच घोटाची स्तुती करणारा एक जाणकार.

त्या गेल्यावर मी हवालदारांना ही गोष्ट सांगितली. ते चाकणजवळच्या निघोज्याचे, जुन्या घराण्यातले. म्हणाले, "मॅडम, त्या लॅबमधी माझी सून हाय की."

"काय करते?"

"वास घेती. वास घ्यायचा पगार घेती. प्लॅस्टिकचा तुकडा काचंच्या बरणीत घालून गरम करत्यात, मग पाच जण झाकण उघडून हुंगत्यात आन् मार्क देत्यात. गाडीत बसल्यावर गिऱ्हाईकाचं डोकं दुखू नये म्हून. घरात दूध करपलं तरी तिला कळत न्हाई, ती गोष्ट येगळी."

"आणि साहेब?"

"त्या साहेबांचं नाक म्हंजे देव हाय म्हनती. बरणी न उघडता सांगत्यात. चाचणीच्या दिवशी कुणी कांदा खाल्ला तर घरी पाठवत्यात. नाक कंदी चुकलं न्हाई."

न चुकणारं नाक मनुक्यांच्या पाण्याला अंजीर आणि अक्रोड म्हणतं. कोडं इथे सुटलं, फक्त उत्तर त्यांच्याच तोंडून यायला हवं होतं. अशा माणसाला दरडावून काही मिळत नाही. त्याला त्याचंच काम द्यावं लागतं.

रविवारी दुपारी उरलेल्या बाटल्या जप्त करायचा पंचनामा ठेवला, फिर्यादींच्या घरीच. जाणकार म्हणून लॅबच्या साहेबांना मदतीला बोलावलं. ते आनंदाने आले. सील करण्याआधी मी पंचांसमोर तीन पेल्यांत थोडी थोडी ओतायला लावली. एकात धुराची, दुसऱ्यात नव्याने सील फोडलेली अस्सल शेरीची, तिसऱ्यात बनावट. पेल्यांच्या बुडाला आकडे होते. पिणं नाही, फक्त वास.

पहिला मान हवालदारांना दिला. त्यांनी तिन्ही पेले हुंगले आणि पंचांना सांगितलं, "ही चुलीपाशी ठेवलेली. ही पैठणीच्या ट्रंकंतली. आन् ही खोकल्याची."

साहेब हसले. मग त्यांनी पेले घेतले. पहिल्याबद्दल उत्तम बोलले. दुसऱ्या आणि तिसऱ्याकडे आल्यावर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "दोन्ही शेरीच्याच. तिसरी जरा कमी मुरलेली."

"बरं," मी म्हटलं आणि लेखनिकाला मजकूर सांगू लागले. "लिहा. हवालदार यांनी तिन्ही नमुने वेगळे ओळखले. लॅबचे प्रमुख यांना दुसऱ्या व तिसऱ्या नमुन्यातील फरक ओळखता आला नाही."

"माझ्या सुनंला सांगतो," हवालदार हळूच म्हणाले, "साहेबांच्या नाकाला आज सुट्टी हाय."

साहेबांचे कान लाल झाले. "तसं लिहू नका."

"का? जे घडलं तेच लिहिते आहे. तुम्हाला वाचून सही करायची आहे."

"मला फरक कळतो."

"मग सांगा."

त्यांनी तिसरा पेला पुन्हा उचललाही नाही. "ही हलकी व्हिस्की आहे. काळे मनुके, पाच दिवस भिजवलेले. सहाव्या दिवशी आंबूस झाक येते, ती इथे नाही. पोरालासुद्धा कळेल."

मी वही उघडून त्यांच्यासमोर ठेवली. मागच्या महिन्याची नोंद. "तिसरा पेला याच बाटलीतला. मग हे काय लिहिलंत?"

फिर्यादींच्या पत्नी शांतपणे म्हणाल्या, "मी बोलले होते तेव्हा. तुम्ही म्हणालात, मला सवय नाही."

साहेबांना सुटायला एक वाट होती. ती मीच दाखवली, कारण ती दाखवूनही ते गेले नाहीत तर माझी खात्री होणार होती. "त्या दिवशी सर्दी होती का तुम्हाला?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मला सर्दी होत नाही," ते म्हणाले.

नंतर ठाण्यात त्यांनी सगळं सांगितलं. पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, टिकतो तो सांगण्यावरून निघालेला माल. चिंचवडच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये कपाटातून लॅबच्या काचेच्या सहा बरण्या निघाल्या. प्रत्येकीवर नीटस अक्षरात चिठ्ठी, कुठली व्हिस्की, वासाच्या कुठल्या कुठल्या छटा. एक थेंब विकला नव्हता. दुपारी चार ते पाच या वेळात स्टीलच्या पाण्याच्या बाटलीतून ते थोडी थोडी बदलत गेले होते.

"कशासाठी?" मी विचारलं.

"मॅडम, तुमचे फिर्यादी तीत बर्फ घालायचे. वरून सोडा. आणि पाहुण्यांसमोर माझीच वाक्यं स्वतःची म्हणून बोलायचे. चार महिने मनुक्यांचं पाणी पाजलं, एकालाही कळलं नाही. ज्यांना कळत नाही त्यांच्या घरात ती वाया चालली होती."

"आणि धुराची का सोडली?"

"धुराची नक्कल होत नाही."

हे सांगतानाही त्यांचा आवाज शिक्षकाचा होता.

"मावशींचं काय?"

"त्यांच्यावर येईल असं वाटलं नव्हतं."

"आल्यावर? सहा दिवस झाले. चार घरं गेली त्यांची."



या तपासाने मला एक पद्धत दिली आणि ती मी निवृत्त होईपर्यंत सोडली नाही. चौकशीला बसलेल्या माणसाला त्या वेळी कुठे होतात, हा प्रश्न मी आधी विचारत नाही. त्याचं उत्तर तो घरून पाठ करून आलेला असतो. मी विचारते, काम काय करता, आणि ते नीट कसं करतात ते मला समजावून सांगा. स्वतःवरचा आळ माणूस कसाबसा सहन करतो, पण आपल्या कामाबद्दल खोटं बोलणं त्याला जड जातं. मावशी त्याच एका गोष्टीने सुटल्या आणि साहेब त्याच एका गोष्टीने अडकले. नव्या अधिकाऱ्यांना मी हे शिकवलं, आणि त्यांच्यातल्या काहींनी नंतर फोन करून सांगितलं की उपयोग झाला.

सोसायटीने दुसऱ्याच दिवशी मावशींचा प्रवेश सुरू केला. तीन घरांनी बोलावलं, त्या गेल्या. फिर्यादी स्वतः मोशीला जाऊन माफी मागून आले. त्यांना मावशींनी चहा दिला आणि किल्ली परत केली.

मग त्या मला भेटायला ठाण्यात आल्या. म्हटलं, आता काय राहिलं?

"मॅडम, तुमच्या कागदात लिहा, ते मनुके माझे नव्हते म्हणून."

"मावशी, आरोपी सापडला, माल सापडला. तुमचं नावच निघून गेलंय."

"नाव निघालं ते झालं. मनुक्यांचं लिहा."

मी दोषारोपपत्राचा मसुदा काढला आणि त्यात एक वाक्य घातलं. 'गाळात मिळून आलेले मनुके काळे, न निवडलेले असून, ते सदर महिलेने वापरलेले नाहीत.' त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी मान तिरकी करून ऐकलं.

"न निवडलेले नको," त्या म्हणाल्या. "देठासकट लिहा."

मी खोडून 'देठासकट' लिहिलं. वरिष्ठांनी त्या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि विचारलं, याची गरज आहे का. मी म्हटलं, आहे. कोर्टाच्या फाईलमध्ये तो शब्द तसाच आहे.